क्रमांक ४१ आणि ४२

२९ जुलै २०२० रोजी लिनक्स पुरवणाऱ्या अनेक कंपन्यांनी आणि संस्थांनी एकाच वेळी एक सुरक्षा-दुरुस्ती जाहीर केली. संगणक सुरू होताना ‘ग्रब’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम सूत्रं हाती घेतो आणि मग लिनक्सला जाग आणतो. त्या ग्रबमध्ये ‘बूटहोल’ नावाची गंभीर त्रुटी सापडली होती. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स आणि सेंटओएस वापरणाऱ्या अनेकांनी तत्परतेनं दुरुस्ती बसवली, संगणक पुन्हा सुरू करायला घेतला, आणि तो सुरूच झाला नाही. हे अपडेट तूर्त बसवू नका, असं रेड हॅटला आपल्याच ग्राहकांना सांगावं लागलं. शिस्तीनं वागणारेच नेमके अडकले होते.

अपडेट न करणाऱ्यांचं काय होतं, तेही तीन वर्षांपूर्वी दिसलं होतं. अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीकडे ‘अपाची स्ट्रट्स’ हे सॉफ्टवेअर होतं. त्यातल्या एका त्रुटीवरची दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये उपलब्ध झाली होती, पण कंपनीच्या एका यंत्रणेवर ती बसवायची राहून गेली. मे महिन्यात त्याच वाटेनं चोर आत शिरले आणि सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती बाहेर गेली.

सर्व्हर सांभाळणारा माणूस या दोन भीतींच्या मधोमध उभा असतो. अपडेट केलं तर चालती यंत्रणा मोडेल, नाही केलं तर कुणीतरी घुसेल. या कोंडीतून सुटायचं तर मोडलेली यंत्रणा पाच-दहा मिनिटांत होती तशी करता आली पाहिजे. लिनक्सवर ही सोय स्नॅपशॉटनं केली. अपडेट सुरू होण्याआधी आणि संपल्यावर यंत्रणेची स्थिती आपोआप टिपून ठेवायची, असा हा प्रकार आहे. टिपण्याचं काम यंत्र बिनबोभाट करतं. मात्र कुठला स्नॅपशॉट ठेवायचा, किती दिवस ठेवायचा आणि संगणकावरच्या कुठल्या गोष्टी त्यात येऊच द्यायच्या नाहीत, हे माणसालाच ठरवावं लागतं. खरी मेख तिथेच आहे.

जुनं न खोडता नवं लिहिणं

सातबाऱ्याचा उतारा ज्यानं निरखून पाहिला आहे त्याला स्नॅपशॉटचं तत्त्व सांगायला वेळ लागत नाही. जमीन विकली म्हणून जुन्या मालकाचं नाव कुणी खोडरबरानं पुसत नाही. फेरफार नोंदवला जातो, नवं नाव वेगळं लिहिलं जातं आणि जुनं नाव कंसात जातं. फेरफार क्रमांक धरून मागं मागं गेलं की जमीन कधी कुणाकडे होती ते कळतं.

नेहमीच्या फाइलसिस्टिममध्ये असं होत नाही. फाइलचा एखादा भाग बदलला की नवा मजकूर बहुधा जुन्याच जागेवर लिहिला जातो आणि जुना कायमचा जातो. ‘कॉपी ऑन राइट’ पद्धतीची फाइलसिस्टिम फेरफाराच्या वाटेनं जाते. बदललेला तुकडा ती डिस्कवर दुसऱ्या मोकळ्या जागी लिहिते आणि मग ‘यापुढे इथलं वाचा’ अशी खूण बदलते. जुन्या तुकड्याकडे कुणाचंच बोट राहिलं नाही, तर ती जागा मोकळी धरली जाते. स्नॅपशॉट म्हणजे जुन्या तुकड्यांकडे मुद्दाम रोखून ठेवलेलं बोट. त्यासाठी एकाही फाइलची नक्कल करावी लागत नाही. म्हणूनच यंत्रणा १० जीबीची असो की १०० जीबीची, स्नॅपशॉट क्षणभरात निघतो आणि निघाल्या क्षणी जवळजवळ काहीच जागा खात नाही.

ही कल्पना लिनक्सच्या अंगणात जन्मलेली नाही. नेटअ‍ॅप कंपनीच्या डेव्ह हिट्झ, जेम्स लाऊ आणि मायकेल माल्कम यांनी १९९४ मध्ये आपल्या ‘वाफल’ फाइलसिस्टिमवर निबंध सादर केला, तेव्हा स्नॅपशॉट हे तिचं ठळक वैशिष्ट्य होतं. पुढे सन मायक्रोसिस्टिम्सची झेडएफएस आली आणि २००५ मध्ये ती ओपनसोलारिसमधून खुली झाली. २००७ मध्ये आयबीएमच्या ओहाद रोडेह यांनी बी-ट्री ही रचना कॉपी ऑन राइट पद्धतीनं कशी चालवता येईल ते मांडलं. आधी सुसे या लिनक्स कंपनीत रायझरएफएस या फाइलसिस्टिमवर काम केलेले आणि त्या सुमारास ओरॅकलमध्ये असलेले क्रिस मेसन यांनी त्या मांडणीवर एक नवी फाइलसिस्टिम उभी केली. तिचं नाव बीटीआरएफएस, अनेकांच्या तोंडी ‘बटर एफएस’. २००९ मध्ये २.६.२९ या आवृत्तीत ती लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, दाखल झाली.

झिपर थबकतो, स्नॅपर टिपतो

स्नॅपशॉट काढता येणं आणि तो योग्य वेळी निघणं यांत फरक आहे. अपडेट करायला बसलेला माणूस घाईत असतो. आधी एक आज्ञा देऊन स्नॅपशॉट काढायचा, हे त्याला नेमकं ज्या दिवशी गरज असते त्याच दिवशी आठवत नाही. सुसेच्या अभियंत्यांनी हा विसराळूपणा गृहीत धरला. २०११ मध्ये ओपनसुसे १२.१ बरोबर त्यांनी ‘स्नॅपर’ दिलं आणि पॅकेजं बसवणाऱ्या झिपर या साधनाशी त्याची गाठ बांधली. २०१४ मध्ये ओपनसुसे १३.२ आणि सुसे लिनक्स एंटरप्राइझ सर्व्हर १२ या दोन्हींनी मूळ यंत्रणेसाठी बीटीआरएफएस हाच नेहमीचा पर्याय केला. तेव्हापासून ही सोय वापरकर्त्यानं न मागताच मिळू लागली.

प्रत्यक्षात काय घडतं ते पाहू. वापरकर्ता झिपरला अपडेटची आज्ञा देतो. कुठली पॅकेजं येणार, कुठली जाणार याची यादी समोर येते आणि तो ‘हो’ म्हणतो. बदल सुरू होण्याआधी झिपर थबकतो आणि स्नॅपर एक स्नॅपशॉट काढतो. समजा त्याचा क्रमांक ४१. प्रकार ‘प्री’, म्हणजे आधीचा. मग पॅकेजं बसतात. शेवटचं पॅकेज बसलं की क्रमांक ४२ निघतो. प्रकार ‘पोस्ट’, म्हणजे नंतरचा, आणि त्याच्यापुढे ‘४१ चा जोडीदार’ अशी नोंद. वापरकर्त्याला या दोन्ही वेळी काहीच करावं लागत नाही. नंतर स्नॅपरला यादी मागितली की ही जोडी तारीख, वेळ आणि वर्णनासह दिसते. वर्णनाच्या रकान्यात ‘झिप’ आणि कंसात झिपरचं नाव असतं. म्हणजे हा बदल कुणी केला तेही कळतं.

शेवटच्या रकान्यात कधी कधी ‘इम्पॉर्टंट’ असा शिक्का दिसतो. तो कुणावर मारायचा हे एका छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवलेलं असतं. त्यात कर्नल, ड्रॅकट, जीलिबसी, सिस्टिमडी आणि यूडेव्ह ही नावं असतात. यांतल्या एकात जरी घोळ झाला तरी संगणक सुरू होण्याचीच पंचाईत होते. एखाद्या खेळाचं पॅकेज बदललं तर तसं काही होत नाही. मुद्दाम नोंदवलेल्या या भेदाचं महत्त्व पुढे जागा अपुरी पडू लागली की कळतं.

४१ आणि ४२ यांच्यामध्ये नेमकं काय बदललं, हेही विचारता येतं. स्नॅपर एकेका ओळीत फाइल दाखवतो. नवी आली असेल तर अधिक चिन्ह, गेली असेल तर वजा, आतला मजकूर बदलला असेल तर ‘सी’. कुठल्याशा अपडेटनं छपाईची सेटिंग बदलून टाकली असा संशय असेल, तर ती एकच फाइल जुन्या रूपात परत आणता येते. बाकीचं अपडेट जागच्या जागी राहतं.

संगणक सुरूच होत नाही तेव्हा

मोठी पडझड झाली तर मार्ग वेगळा. समजा नव्या कर्नलनंतर पडदा काळाच राहिला. वापरकर्ता बटण दाबून संगणक पुन्हा सुरू करतो आणि ग्रबच्या यादीत खाली जातो. तिथे ‘स्टार्ट बूटलोडर फ्रॉम अ रीड-ओन्ली स्नॅपशॉट’ ही ओळ असते. ती उघडली की सगळे स्नॅपशॉट तारखांनिशी ओळीनं दिसतात. तो ४१ निवडतो. यंत्रणा अपडेटआधीच्या स्थितीत सुरू होते, पण ती फक्त वाचण्यापुरती असते. त्यावर काही लिहिता येत नाही. ही पाहणी करून घेण्याची पायरी आहे. पडदा दिसतो का, नेटवर्क चालतं का, हे बघायचं. सगळं ठीक असेल तर टर्मिनल उघडून ‘स्नॅपर रोलबॅक’ अशी आज्ञा द्यायची.

या आज्ञेनं स्नॅपर दोन कामं करतो. बिघडलेल्या यंत्रणेचाही एक स्नॅपशॉट काढून ठेवतो, कारण चूक शोधायला तोच लागणार असतो. मग ४१ वरून लिहिता येण्याजोगी एक नवी प्रत तयार करतो आणि ‘यापुढे इथूनच सुरू व्हायचं’ अशी नोंद करतो. पुन्हा एकदा संगणक सुरू केला की काम झालं. ओपनसुसेवर रोजची चालती यंत्रणासुद्धा मुळात एक क्रमांकाचा स्नॅपशॉट असते, म्हणून ही अदलाबदल इतकी सहज होते. हजारो फाइली इकडून तिकडे हलवाव्या लागत नाहीत. बदलते ती फक्त सुरुवात कुठून करायची याची खूण.

परत काय जातं, काय जात नाही

रोलबॅकनंतर पहिला प्रश्न येतो तो ‘माझी कागदपत्रं कुठे गेली?’ हा. ती कुठेही गेलेली नसतात. बीटीआरएफएसमध्ये एकाच डिस्कवर वेगवेगळे सबव्हॉल्यूम करता येतात आणि एका सबव्हॉल्यूमचा स्नॅपशॉट काढला तर शेजारचा त्यात येत नाही. ओपनसुसे वापरकर्त्यांचा ‘होम’, तात्पुरत्या फाइलींचा ‘टीएमपी’, सर्व्हरच्या सामग्रीचा ‘एसआरव्ही’, बाहेरून आणलेल्या सॉफ्टवेअरचा ‘ऑप्ट’ आणि सतत बदलणारा ‘व्हार’ हे सगळे मूळ यंत्रणेपासून वेगळे ठेवते. अपडेट सोमवारी झालं आणि रोलबॅक गुरुवारी केलं, तर मधल्या तीन दिवसांतलं लिखाण, आलेली पत्रं आणि डेटाबेसमधल्या नोंदी शाबूत राहतात. व्हारमधले लॉगही राहतात. त्यामुळे यंत्रणा का कोसळली हे जुन्या स्थितीत बसून वाचता येतं.

या विभागणीत एक नाजूक गाठ होती. कुठली पॅकेजं बसवली आहेत याची वही, म्हणजे आरपीएमचा डेटाबेस, परंपरेनं व्हारमध्येच असे. व्हार जर वेगळा राहिला, तर रोलबॅकनंतर प्रोग्रॅम जुने आणि वही मात्र नवी, अशी गत झाली असती. म्हणून ती वही व्हारमधून काढून ‘यूएसआर’मध्ये, म्हणजे प्रोग्रॅम जिथे असतात तिथेच, नेण्यात आली. आता प्रोग्रॅम आणि त्यांची नोंद बरोबरीनं मागं जातात.

विभागणी कितीही नीट केली तरी कुठेतरी कसर राहते. फायरफॉक्सचंच घ्या. मे २०१९ मधल्या आवृत्ती ६७ पासून तो आपल्या प्रोफाइलमध्ये आवृत्तीची खूण ठेवतो. अपडेटनंतर दोन दिवस नवा फायरफॉक्स वापरला आणि मग रोलबॅक केलं, तर प्रोग्रॅम जुना होतो पण होममधलं प्रोफाइल नव्याच आवृत्तीचं राहतं. जुना फायरफॉक्स ते उघडायला नकार देतो आणि नवं प्रोफाइल करायला सांगतो. बुकमार्क डिस्कवर असतात, पण समोर येत नाहीत. पोस्टग्रेस डेटाबेसची मुख्य आवृत्ती बदलली असेल तर प्रकरण आणखी कठीण होतं. नव्या रचनेत गेलेला डेटा जुन्या प्रोग्रॅमला वाचताच येत नाही. अशा अपडेटआधी डेटाबेसची स्वतंत्र प्रत काढावीच लागते.

संगणक सुरू करणाऱ्या फाइली कुठे आहेत, हेही पाहावं लागतं. ओपनसुसेवर कर्नल मूळ यंत्रणेच्या सबव्हॉल्यूममध्येच असतो, म्हणून तो आणि त्याची मॉड्यूल्स एकत्र मागं जातात. फेडोरानं २०२० मध्ये ३३ व्या आवृत्तीपासून डेस्कटॉपसाठी बीटीआरएफएस स्वीकारली, पण तिथे ‘बूट’ हे वेगळं ईएक्सटी४ विभाजन असतं. त्याच रचनेवर कुणी नुसती मूळ यंत्रणा मागं नेली, तर बूटमध्ये नवा कर्नल आणि यंत्रणेत जुन्या कर्नलची मॉड्यूल्स अशी विजोड जोडी होऊ शकते. सगळ्यात पहिली पायरी असलेलं ईएफआय विभाजन तर फॅट पद्धतीचं असतं. त्याचा स्नॅपशॉट निघतच नाही. बूटहोलच्या वेळी बिघडलेली ‘शिम’ नावाची फाइल तिथलीच होती. म्हणून यूएसबीवर एक चालू स्थितीतलं लिनक्स तयार ठेवण्याची जुनी सवय स्नॅपशॉटच्या काळातही सोडू नये.

जागेचा हिशेब

स्नॅपशॉट निघताना फुकट असतो. खर्च नंतर सुरू होतो. प्रत्येक अपडेट जुन्या फाइलींच्या जागी नव्या आणतं, आणि जुन्यांकडे स्नॅपशॉटचं बोट असल्यानं त्या डिस्कवरच राहतात. ओपनसुसे टम्बलवीडसारख्या सतत अपडेट होणाऱ्या डिस्ट्रोमध्ये, म्हणजे लिनक्सच्या तयार संचात, हे लवकर जाणवतं. नवा जीसीसी कंपायलर आला की तिथे बहुतेक सगळी पॅकेजं नव्यानं बांधली जातात. मग एकाच अपडेटमध्ये जवळजवळ अख्खी यंत्रणा बदलते, आणि जुनी अख्खी यंत्रणा तिच्याशेजारी जागा अडवून बसते.

अशा वेळी गोंधळलेला माणूस मोठमोठ्या फाइली पुसायला लागतो. फाइल पुसली जाते, पण जागा वाढत नाही, कारण ती फाइल एखाद्या स्नॅपशॉटमध्ये जिवंत असते. नेहमीची ‘डीएफ’ आज्ञा इथे पुरेसं सांगत नाही. बीटीआरएफएसची स्वतःची ‘फाइलसिस्टिम युसेज’ ही आज्ञा चालवून डेटासाठी आणि मेटाडेटासाठी, म्हणजे फाइलींच्या नोंदींसाठी, किती जागा राखली आहे ते वेगवेगळं बघावं लागतं. डेटासाठी जागा दिसत असताना मेटाडेटाची संपली, तरी ‘डिस्क भरली’ असाच निरोप येतो.

हे टळावं म्हणून स्नॅपर रोज एकदा साफसफाई करतो. ओपनसुसेवर त्याचे आकडे सेटिंगच्या फाइलीत वाचता येतात. साधे स्नॅपशॉट २ ते १०, महत्त्वाचा शिक्का असलेले ४ ते १०. सगळ्या स्नॅपशॉटनी मिळून डिस्कच्या निम्म्याहून जास्त जागा घेऊ नये आणि किमान २० टक्के जागा मोकळी राहावी, असं त्याला सांगितलेलं असतं. जागा भरपूर असेल तर तो दहापर्यंत ठेवतो. चणचण भासली की जुन्यापासून काढत खालच्या आकड्यापर्यंत येतो. कर्नलच्या अपडेटआधीचे चार मात्र शेवटपर्यंत राखतो. शिक्क्याचा उपयोग इथे होतो. या हिशेबासाठी बीटीआरएफएसचा कोटा चालू असावा लागतो. तो बंद असेल तर जागेचा नियम कागदावरच राहतो. मूळ विभाजन १६ जीबीपेक्षा लहान असेल तर सुसेचा इन्स्टॉलर स्नॅपशॉट चालूच करत नाही. ४० जीबी किंवा त्याहून अधिक जागा दिलेली बरी.

दुसऱ्या डिस्ट्रोवर स्नॅपर स्वतः बसवणाऱ्यांनी एक सेटिंग लगेच पाहावं. स्नॅपरमध्ये ‘टाइमलाइन’ नावाची सोय आहे. ती दर तासाला एक स्नॅपशॉट काढते, आणि मूळ सेटिंगप्रमाणे तासाचे १०, दिवसाचे १०, महिन्याचे १० आणि वर्षाचे १० जपते. लिखाणाच्या फोल्डरसाठी हे छान आहे. मूळ यंत्रणेसाठी मात्र वर्षापूर्वीचा स्नॅपशॉट ही निव्वळ अडगळ आहे, कारण इतक्या जुन्या यंत्रणेवर परत जायचं कुणाच्या मनात नसतं. ओपनसुसेचा इन्स्टॉलर मूळ यंत्रणेसाठी टाइमलाइन बंद ठेवतो. तोच कित्ता इतरांनी गिरवावा. आर्च लिनक्सवर ‘स्नॅप-पॅक’ हे पॅकेज, पॅकेजं बसवणाऱ्या पॅकमन या साधनाच्या प्रत्येक व्यवहाराआधी आणि नंतर स्नॅपशॉट काढतं, एवढं पुरतं. लिनक्स मिंटनं ‘टाइमशिफ्ट’ ही वेगळी वाट घेतली. २०१८ मधल्या मिंट १९ पासून तिथला अपडेट मॅनेजर टाइमशिफ्ट चालू करून ठेवण्याची आठवण करतो. टाइमशिफ्ट साध्या ईएक्सटी४ डिस्कवरही चालतं. पहिल्यांदा पूर्ण प्रत काढतं आणि पुढच्या वेळी न बदललेल्या फाइलींना फक्त दुवे जोडतं. वेळ जास्त लागतो, पण प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवता येते. त्याच डिस्कवरचे स्नॅपशॉट डिस्क बिघडली की यंत्रणेबरोबरच जातात. हा फरक बॅकअपची गरज दाखवून देतो.

मार्च २०२४ चे एकवीस दिवस

जुनी स्थिती नेहमीच सुरक्षित असते, या समजुतीला एक्सझेड प्रकरणानं धक्का दिला. २९ मार्च २०२४ रोजी पोस्टग्रेसवर काम करणारे अभियंते आंद्रेस फ्रॉइंड यांनी जाहीर केलं, की एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा दडवलेला आहे. दूरच्या संगणकात शिरायला एसएसएच अर्धा सेकंद जास्त घेतंय, एवढ्यावरून त्यांनी माग काढला होता. टम्बलवीडमध्ये ही आवृत्ती ७ मार्चला आली होती आणि २८ मार्चला मागं घेण्यात आली. ज्यांचं एसएसएच इंटरनेटवर उघडं होतं, त्यांनी यंत्रणा नव्यानंच बसवावी, असं ओपनसुसेनं सांगितलं.

इतरांनी अपडेट केलं आणि ते सुटले. तरी त्यांच्या डिस्कवर त्या तीन आठवड्यांतल्या ‘प्री’ आणि ‘पोस्ट’ जोड्या होत्याच. प्रत्येक जोडीत तो चोरदरवाजा जसाच्या तसा होता. पुढे कधी कर्नल बिघडला म्हणून कुणी घाईत त्यातला एखादा निवडला असता, तर तो पुन्हा उघडला असता. अशा वेळी साफसफाईची वाट बघायची नसते. यादी उघडायची, तारखा बघायच्या आणि त्या मुदतीतले स्नॅपशॉट हातानं काढून टाकायचे. त्याच बैठकीत ज्या स्थितीची खात्री आहे तिचा स्नॅपशॉट काढून त्याला स्वतःच्या शब्दांत वर्णन द्यावं आणि तो साफसफाईतून वगळावा. सहा महिन्यांनी क्रमांक आठवत नाही. ‘नवा ग्राफिक्स ड्रायव्हर टाकण्याआधी’ हे शब्द मात्र लगेच ओळखू येतात.

सर्व्हरसाठी बनलेल्या ओपनसुसे मायक्रोओएसनं क्रमच उलटा केला आहे. तिथे चालत्या यंत्रणेला अपडेट हातही लावत नाही. मूळ यंत्रणा फक्त वाचण्यापुरती असते. ‘ट्रान्झॅक्शनल अपडेट’ एक नवा स्नॅपशॉट काढतं आणि पॅकेजं त्यातच बसवतं. मध्येच चूक झाली तर तो स्नॅपशॉट टाकून देतं आणि चालत्या कामाला त्याचा पत्ताही लागत नाही. सगळं बसलं तर पुढच्या वेळी तिथून सुरू व्हायचं, एवढीच नोंद होते. पुन्हा सुरू होण्याची वेळ मूळ सेटिंगमध्ये पहाटे साडेतीनची असते. यंत्र उठतं, ‘हेल्थ चेकर’ ठरलेल्या सेवा चालू आहेत का ते तपासतो, आणि नसतील तर शेवटच्या नीट चाललेल्या स्नॅपशॉटवर परत जाऊन यंत्र पुन्हा सुरू करतो. सकाळी कामावर आलेला प्रशासक स्नॅपरची यादी उघडतो. सेवा चालू असतात. फसलेला स्नॅपशॉट यादीत तसाच असतो. चहाचा कप बाजूला ठेवून तो आधीच्या आणि या स्नॅपशॉटमधला फरक मागतो आणि एकेक ओळ वाचायला लागतो.